नकाशा आधी, अनुक्रम नंतर

महोदय,

आपल्या विज्ञान पुरवणीतील हिरव्या शैवालांच्या जनुकांवरील लेख वाचनीय होता. मात्र हरितलवकातील (पेशीतील प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या हिरव्या घटकातील) जनुके केवळ डीएनएचा अनुक्रम, म्हणजे त्यातील अक्षरांचा क्रम, वाचणाऱ्या यंत्रांमुळे कळली, असा समज त्यातून होतो, म्हणून हे पत्र.

क्लॅमिडोमोनास या एकपेशीय शैवालाच्या हरितलवकाचा सुमारे २ लाख ३ हजार बेसजोड्यांचा संपूर्ण अनुक्रम २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. पण स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविकाला दाद न देण्याचा या शैवालातील एक गुण मेंडेलच्या नियमांप्रमाणे पुढच्या पिढीत उतरत नाही, म्हणजे तो केंद्रकाबाहेरच्या जनुकांवर अवलंबून असावा, हे आनुवंशशास्त्रज्ञ रूथ सेजर यांनी १९५४ मध्येच, म्हणजे हरितलवकात डीएनए असल्याचे सिद्ध होण्यापूर्वीच, दाखवले होते. पुढे १९७८ मध्ये जिनिव्हाच्या ज्याँ-दाविद रोशे यांनी विकरांनी तोडलेल्या डीएनएच्या तुकड्यांचा क्रम जुळवून हरितलवकाचा नकाशा तयार केला.

हेच शैवाल निवडण्यामागे मोठे शहाणपण होते. अॅसिटेट मिळाले तर ते प्रकाशसंश्लेषणाशिवायही वाढते. त्यामुळे प्रकाशसंश्लेषणात बिघाड झालेले उत्परिवर्तित वाण मरत नाहीत आणि बिघाड नेमका कोठे आहे, हे शोधता येते. प्रकाशऊर्जा पकडणाऱ्या ‘फोटोसिस्टिम एक’ या प्रथिनसमूहाच्या गाभ्यातील एका प्रथिनाचे ‘पीएसएए’ जनुक हरितलवकाच्या डीएनएवर तीन ठिकाणी विखुरलेले आहे. या तुकड्यांच्या आरएनए प्रती वेगवेगळ्या बनतात आणि मग जोडल्या जातात. या जोडणीसाठी केंद्रकातील अनेक जनुके लागतात, हे अशा वाणांच्या अभ्यासातूनच उमगले. नुसत्या अनुक्रमावरून ते कसे कळणार होते?

‘पीएसबीए’ या जनुकाचा संबंध तर थेट आपल्या शेताशी आहे. उसात आणि मक्यात फवारले जाणारे अॅट्राझीन हे तणनाशक या जनुकापासून बनणाऱ्या डी-१ प्रथिनाला चिकटून प्रकाशसंश्लेषण रोखते. डायूरॉन या दुसऱ्या तणनाशकाला न जुमानणाऱ्या क्लॅमिडोमोनासमध्ये या प्रथिनातील २६४ क्रमांकाच्या सेरीन या अमिनो आम्लाच्या जागी अॅलानीन हे दुसरे अमिनो आम्ल आल्याचे १९८४ मध्ये आढळले. हा बदल अॅट्राझीनलाही निष्प्रभ करतो. अॅट्राझीनला न जुमानणाऱ्या राजगिऱ्याच्या कुळातील एका तणात त्याच जागी ग्लायसीन हे आणखी एक अमिनो आम्ल सापडले होते.

शेवटी एक दुरुस्ती. प्रकाशसंश्लेषणाची सर्व जनुके हरितलवकात असतात, हे लेखातील विधान बरोबर नाही. हिरव्या शैवालांत कार्बन डायऑक्साइड बांधून ठेवणाऱ्या रुबिस्को या विकराचाच मोठा घटक हरितलवकातील जनुकापासून बनतो, तर लहान घटकाची जनुके केंद्रकात असतात.

आपला,
वनस्पतिशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक, सातारा