माळ्यावरची भांडी मोडीत देऊ नका

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही म्हणालात की दिवाळीच्या आत माळा रिकामा करायचाय, तांब्या-पितळेचं सगळं मोडीत देऊन टाकायचं. फोनवर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. एवढ्यात काही देऊ नका.

गेल्या रविवारी मुलांना घेऊन आम्ही केळकर संग्रहालयात गेलो होतो. इतकी वर्षं पुण्यात राहून बाजीराव रस्त्यानं शंभरदा गेले असेन, पण आत जाऊन निवांत बघितलं ते आत्ता. मुलांना वाटलं होतं, तलवारी आणि तोफा असणार. शस्त्रं आहेतही, पण थोरला रमला तो अडकित्त्यांपाशी. पोपटाचे, घोड्याचे, नक्षीचे, किती प्रकारचे अडकित्ते! सुपारी कातरायच्या एवढ्याशा वस्तूवर कुणा कारागिरानं इतका जीव का ओतला असेल, असं त्यानं मला विचारलं. आठवीतल्या मुलाला हा प्रश्न पडला, याचंच मला फार बरं वाटलं. धाकटी वज्रींपाशी अडून बसली. पाय घासायला इतकी सुंदर वस्तू असते, यावर तिचा विश्वासच बसेना. मी म्हटलं, तुझ्या आजीच्या न्हाणीघरात आहे की अजून! तेव्हापासून तिचा हट्ट सुरू आहे की आजीची वज्री बघायला जायचं. आई, तेवढी तरी जपून ठेव.

हा सगळा संग्रह एका माणसाचा आहे हे मला ठाऊक होतं, पण त्यामागचं दुःख माहीत नव्हतं. दिनकर गंगाधर केळकर (1896–1990) यांचं पुण्यात चष्म्याचं दुकान होतं आणि ते ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता करत. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याचंच नाव संग्रहालयाला दिलंय. बाबा, यातली मला सगळ्यात मोठी वाटली ती गोष्ट म्हणजे त्यांनी राजेरजवाड्यांच्या खजिन्यामागे न लागता दिवे, दौती, कुलपं, फण्या, स्वयंपाकाची भांडी, पडक्या वाड्यांचे दरवाजे असं घराघरांतून टाकून दिलं जाणारं सामान गोळा केलं. सोबतीला पत्नी कमलाबाई होत्या. 20,000च्या घरात वस्तू जमवल्या आणि शेवटी सगळं महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केलं. जागा अपुरी, त्यामुळे यातला थोडाच भाग मांडलेला दिसतो. बाजीरावानं कोथरूडला मस्तानीसाठी बांधलेल्या महालाचे अवशेष आणून एक दालनच उभं केलंय. लोक तिथं गर्दी करतात. मी मात्र स्वयंपाकघराच्या वस्तूंपासून हलले नाही.

कारण काचेआड जे होतं ते आपल्या माळ्यावर आहे. घंगाळ, वेळणी, ओगराळं, सोऱ्या, पाणी तापवायचा बंब. फरक इतकाच की तिथल्या बहुतेक वस्तूंखाली ती वस्तू काय, कुठली, कोणत्या काळातली एवढंच लिहिलेलं असतं. ती कुणाच्या हातातली होती, हे कोण सांगणार? आपल्या भांड्यांवर तर नावं घातलेली आहेत! पणजीचं माहेरचं नाव ज्या कळशीवर आहे, ते नाव आपल्या घरात दुसऱ्या कुठल्याच कागदावर मी बघितलेलं नाही. आत्याच्या लग्नाची तारीख तिच्या तबकावर आहे. बाबांच्या मुंजीत आलेल्या फुलपात्रांवर देणाऱ्यांची नावं आहेत, त्यातली अर्धी घरं आता गावातही नाहीत. वजनावर विकलं की किलोचे पैसे येतील. ते पैसे मी देते, बाबा, रागावू नका, पण खरंच देते. ती अक्षरं भट्टीत गेली की कुणालाही परत आणता येणार नाहीत.

आई, तुझी अडचण मला कळते. जागा अडते, घासायला माणूस मिळत नाही, कल्हईवाला तर आता दिसतच नाही. सगळं ठेवा असं मी म्हणत नाही. बिननावाची, चेपलेली, फुटकी पातेली खुशाल काढा. नाव असलेलं भांडं मात्र एकही देऊ नका.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही वाईला येतो, तेव्हा माळा मुलंच उतरवतील. थोरला वही करणार आहे: भांड्याचं नाव, त्यावर घातलेलं नाव, कुणाचं, कशानिमित्त, कशासाठी वापरायचे. सांगायचं तुम्ही दोघांनी. अक्षरं पुसट झाली असतील तिथं आईच्या आठवणीवरच भिस्त.

तिथून परतताना तुम्ही दोघं आमच्याबरोबर पुण्याला या. मला संग्रहालय तुमच्यासोबत बघायचंय. माझ्यापेक्षा मुलांना तुम्ही जास्त सांगाल. गुडघ्यांची काळजी करू नका. वरच्या मजल्यांवर जिने चढावे लागतात, म्हणून सकाळी लवकर जाऊन पहिल्या दिवशी खालचंच बघू, बसत बसत. जमलं तर पुढे मुंबईला भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयातही जाऊ. 1872पासूनचं आहे. बाहेर बागेत घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला, तेव्हा उचलताना पडून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे राखले गेले, पुढे जोडले गेले, म्हणून तो आज उभा दिसतो. बाबा, तुम्हाला तो बघायला नक्की आवडेल.

पाडवा झाला की निघू. आईच्या गोळ्या महिन्याभराच्या घेऊन ठेवा आणि गाडीत मागची जागा तुमच्यासाठी मोकळी ठेवायला सांगितलीय. तारीख कळवा.

तुमची,
ताई