जांभळ्या बुचाचा बल्ब

मिरज, रविवार

चि. सायली हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू चिडली होतीस. एवढा प्रवास करून गेलात आणि त्या घराने तुमच्या संशोधनासाठी रक्त द्यायला नकार दिला. "बाबा, अडाणी आहेत हो लोक," म्हणालीस. तुझा आवाज रडवेला होता म्हणून मी तेव्हा गप्प बसलो. पण तो शब्द काही डोक्यातून जाईना.

मी एकतीस वर्षं रक्त काढतोय. तुझ्याकडे जांभळ्या बुचाचा बल्ब, म्हणजे रक्ताची नळी, येतो तेव्हा त्यावर नंबर असतो. माझ्याकडे तो रिकामा असतो आणि समोर माणूस असतो. पट्टा आवळला की माणूस सुईकडे बघत नाही, माझ्या तोंडाकडे बघतो. बाई बांगड्या वर सरकवते आणि म्हणते, "लई काढू नका हां." पाच मिली म्हणजे चमचाभर, हे मी दिवसातून चाळीस वेळा सांगतो. सांगितलं की हात सैल पडतो. न सांगता टोचलं की शीर हुकते, हे तर मी नव्या पोरांना पहिल्याच दिवशी शिकवतो.

हंटिंग्टन आजाराच्या जीनचा शोध घेणाऱ्या नॅन्सी वेक्सलरचं नाव तूच मला सांगितलंस, एम.एस्सी.ला असताना. तू जीनबद्दल बोलत होतीस आणि मी मात्र एवढं रक्त काढलं कुणी, याच विचारात होतो. तेव्हापासून तिच्याबद्दल मिळेल ते वाचतो.

तिची आई लिओनोर लॉस एंजेलिसमध्ये रस्ता ओलांडत होती. पोलिसाने हटकलं, सकाळी सकाळी दारू पिऊन फिरायला लाज वाटत नाही का म्हणून. ती दारू नव्हती, हंटिंग्टन होता, आईबापांकडून पोरांत उतरणारा मेंदूचा आजार. लिओनोरचे वडील आणि तिन्ही भाऊ त्यातच गेलेले. 1968 मध्ये निदान झालं तेव्हा नॅन्सी तेवीस वर्षांची होती. वडिलांनी तिला आणि तिच्या बहिणीला बसवून सांगितलं, तुम्हा प्रत्येकीला निम्मी शक्यता आहे. तुझ्याच वयाची पोर गं ती. आणि ती जनुकशास्त्राची नव्हती, मानसशास्त्राची होती.

व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराच्या काठी कोळ्यांच्या वस्त्या आहेत. तिथे हा आजार घरोघरी होता. अमेरिको नेग्रेते नावाच्या तिथल्याच डॉक्टरने तो पन्नासच्या दशकात ओळखला होता. 1981 पासून नॅन्सी माणसं घेऊन दरवर्षी तिथे जायला लागली. काही घरं पाण्यात खांबांवर उभी, तिथे होडीने जायचं. कोण कुणाचा, कुणाची आजी कशी गेली, हे विचारून विचारून वंशावळ लिहायची. ती पुढे अठरा हजार माणसांच्या वर गेली, आणि रक्ताचे नमुने चार हजारांच्या वर. यातला एकेक बल्ब म्हणजे कुणीतरी पुढे केलेला हात, हे माझ्यासारख्याला लगेच कळतं.

आता तुझ्या त्या घराची गोष्ट ऐक. तिथलीही माणसं बिचकलीच होती. गोऱ्यांना कुठला असला आजार, असं त्यांना वाटे. नॅन्सी सांगे की माझ्या आईलाही हाच होता, पण विश्वास कसा बसावा? तिने स्वतःच्या दंडाची कातडी तपासणीसाठी दिलेली होती, त्याचा व्रण होता. तिच्या पथकातली नर्स फिदेला गोमेझ हिने तिचा हात धरला आणि गर्दीतून फिरवत ओरडली, बघा, हिच्याकडेही खूण आहे! मग माणसं पुढे आली. मला विचारशील तर त्या संशोधनातली मोठी बाई फिदेला. तिचं नाव किती जणांना माहीत आहे?

रक्त विमानाने बॉस्टनला जायचं. 1983 मध्ये तिथल्या जेम्स गुसेला या संशोधकाला चौथ्या गुणसूत्रावर जीनची जागा दाखवणारी खूण सापडली. अवघ्या दोन वर्षांत, सगळे म्हणाले नशीब. मग प्रत्यक्ष जीन सापडायला दहा वर्षं लागली, 1993 उजाडलं. डीएनएतली सीएजी ही तीनच अक्षरं, चाळीस किंवा जास्त वेळा लागोपाठ आली की आजार. हे तुला पाठ आहे, पण तुझा एक प्रयोग सहा महिने बसत नाही म्हणून तू जेवण सोडतेस, तेव्हा ती दहा वर्षं मला आठवतात.

चाचणी आल्यावर सगळे नॅन्सीला विचारत, तू केलीस का? ती बोलायची नाही. 2020 मध्ये सांगितलं की तिलाही आजार आहे. चालणं, बोलणं बघून जवळच्यांना आधीच कळलं असणार. आजार थांबवणारं औषध आजही नाही, तिच्यासाठीही नाही आणि त्या सरोवराकाठच्या माणसांसाठीही नाही. जगभरची चाचणी त्यांच्या रक्तावर उभी राहिली आणि ती आहेत तशी गरीबच राहिली. हे मला टोचतं. तुलाही टोचावं.

त्या घरी पुन्हा जा. पहिल्या दिवशी पेटी उघडूच नकोस, चहा घे, म्हाताऱ्याला काय होतं ते ऐक. अहवाल त्यांना सांगणार की नाही, ते आधी सांग. आणि मग त्यांच्यासमोर तुझी बाही वर कर. निरोगी माणसाचा नमुना तुम्हाला लागतोच ना? माझी रजा शिल्लक आहे, बोलावलंस तर मी येतो काढायला. डावा हात पुढे कर, तुझी उजवीकडची शीर सरकते.

तुझा,
बाबा