मंत्रिमहोदय, माशाच्या शेपटीत लोखंडी खांब रोवलाय

मा. पर्यटनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

मी राजापूर तालुक्यात एका सड्याखालच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या पठाराखालच्या, वाडीत राहते. घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देते, त्यांना सकाळी घावणे-चटणी आणि दुपारी माशाचं जेवण करून वाढते. सहा वर्षं आमचं घर यावरच चाललंय. आपल्याला शेकडो पत्रं येत असतील, तरी हे शेवटपर्यंत वाचावं ही नम्र विनंती.

परवा रात्री वळवाचा पाऊस झाला. पहाटे विहिरीवर गेले, पोहरा वर ओढला आणि कळशीत ओतला तर पाणी लाल. गेरू कालवावा तसं लाल. तासभर तशीच ठेवली, तर तळाशी दोन बोटं गाळ बसला. आमचे मामंजी 81 वर्षांचे आहेत. त्यांच्या जन्मात या विहिरीला असं पाणी आलेलं नाही.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. विहिरीच्या बरोबर वर सडा आहे. सड्यावर एक उथळ तळी होती. फेब्रुवारीत ठेकेदाराने ट्रक लावून तिच्यात मुरूम ओतला आणि वरून रोलर फिरवला. कातळशिल्पं, म्हणजे कातळात कोरलेली जुनी चित्रं, बघायला येणाऱ्यांच्या गाड्या लावायला जागा हवी म्हणून. पहिल्याच पावसात तो मुरूम कातळाच्या भेगांतून आमच्या विहिरीत उतरला.

त्याच कामात आणखी एक झालं, ते लिहिताना हात थरथरतो. आमच्या सड्यावर एक मासा कोरलेला आहे. माझ्या दोन हातांच्या पसाऱ्याएवढा. त्याच्या रेषेत करंगळी ठेवली तर पहिल्या पेरापर्यंत आत जाते. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला तो दाखवला होता, आणि त्याच्यावर पाय द्यायचा नाही असं बजावलं होतं. त्या माशाच्या शेपटीत मशीनने भोक पाडून लोखंडी खांब सिमेंटने बसवलाय. खांबावर पर्यटनस्थळाची पाटी आहे. पाटीवर लिहिलंय ‘पांडवकालीन’. अभ्यासक ही कोकणातली चित्रं मध्याश्मयुगापर्यंत, म्हणजे शेती सुरू होण्याआधीच्या काळापर्यंत, मागे नेतात. ज्याने भोक पाडलं त्याला खाली मासा आहे हेच माहीत नव्हतं. त्याला ते सांगायला तिथे कोणी उभंही नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी मुंबईहून एक साहेब आले होते. आमच्या ओटीवर बसले, कोकम सरबत प्यायले. मामंजींना म्हणाले, ‘आजोबा, गाड्या खालीच थांबतील. वर चिरासुद्धा लागणार नाही. वाटाडे तुमच्याच गावातले असतील.’ वहीत लिहूनही घेतलं. मामंजींनी त्यांना काठी टेकत सगळा सडा फिरवून दाखवला. ती वही कुठे आहे, मंत्रिमहोदय? मला ती वही बघायचीय.

सडा म्हणजे काय ते आता मीच सांगते, कारण पाटीवर ते नाही. सह्याद्री ज्या लाव्ह्याने झाला तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्या काळ्या दगडावर उष्ण हवा आणि मुसळधार पाऊस यांनी लाखो वर्षं काम केलं. त्यातली वाळूची जात धुऊन गेली, लोखंड आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. तो आमचा जांभा. वरून तव्यासारखा कडक आणि आतून मधाच्या पोळ्यासारखा. पावसाचं पाणी तो पितो आणि महिनोन्महिने खाली पाझरवत राहतो. सड्याखालच्या वाड्या उन्हाळा काढतात त्या या दगडाच्या जिवावर. तळीत श्रावण-भाद्रपदात गेंद आणि सीतेची आसवं फुलतात, गुरं मार्गशीर्षापर्यंत पाणी पितात. चित्रं कोरणाऱ्या माणसानेही पाणी बघूनच इथे बैठक मारली असेल असं मला वाटतं. चित्र, दगड आणि पाणी ही एकच गोष्ट आहे. चित्राला कठडा आणि तळीत मुरूम, याला जतन कसं म्हणायचं?

माझी मुलगी भूशास्त्र शिकते. ती मला आमच्याच तालुक्यातल्या देवाचे गोठणे या गावी घेऊन गेली होती. तिथे कोरलेल्या माणसापाशी कातळावर तिने होकायंत्र ठेवलं. सुई थरथरली आणि उत्तर सोडून भलतीकडेच वळली. दोन हात बाजूला सरकवलं, पुन्हा वेगळी दिशा. दगडातल्या लोखंडाच्या चुंबकपणाने तसं होतं, म्हणाली. मी पन्नाशीची बाई, पण अंगावर काटा आला. हे बघायला माणसं जगाच्या टोकावरून येतील. चालत येतील. त्यांना पेव्हर ब्लॉक नको आहेत.

जांभ्याला लॅटराइट हे नाव 1807 मध्ये फ्रान्सिस बुकननने केरळातल्या अंगाडीपुरमवरून दिलं. ती जागा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकांत आहे. केरळातल्याच वर्कल्याचा कडाही आहे. आपल्या राज्यातलं लोणार आहे. आमच्या कोकणातलं काय आहे? हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने दगडाला पाडलेली जाळी आहे, वज्रेश्वरीपासून राजापूरजवळच्या उन्हाळे गावापर्यंत गरम झऱ्यांची रांग आहे, मधूनच प्रकटणारी राजापूरची गंगा आहे. त्या यादीत यातलं एकही नाही. सप्टेंबर 2025 मध्ये पाचगणी-महाबळेश्वर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेलं, आनंदच झाला. घाटावरचा दगड वारसा आणि घाटाखालचा दगड ‘पोटखराब, लागवडीस अयोग्य’? सातबाऱ्यावर आमच्या सड्याची एवढीच ओळख आहे. या एका शब्दामुळे सड्यावर चिरेखाण निघते, सुरुंग लावून आंब्याचे खड्डे मारले जातात, आणि आता गाडीतळ.

माझं काय झालं तेही ऐका. पर्यटन वाढणार म्हणून मी चार लाखांचं कर्ज काढलं, दोन संडास-बाथरूम बांधले. हप्ता चुकवलेला नाही. आता पाणीच नाही म्हटल्यावर या महिन्यातली तीन बुकिंगं मी स्वतः फोन करून रद्द केली. एक पाहुणी खास चित्रांसाठी येणार होती, तिला काय सांगू? पिण्याचं पाणी खालच्या वाडीतून डोक्यावर आणते, दिवसाला सहा खेपा. गुडघे बोलतात. मामंजी फेब्रुवारीपासून वर गेलेले नाहीत. संध्याकाळी ओटीवर बसतात ते सड्याकडे पाठ करून.

गाड्या खूप येतात म्हणून गाडीतळ, असं आम्हाला ऐकवलं. दिवसाला दोनशे येतील म्हणे. ऐन मे महिन्यातल्या रविवारी मी भाजी निवडता निवडता मोजल्या. सतरा.

हे एका गावाचं नाही. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्यांनी स्वतःच्या पायांनी सडे तुडवून ही चित्रं शोधली. 2018 मध्ये या चित्रांच्या अभ्यासासाठी राज्य सरकारने 24 कोटी बाजूला काढल्याची बातमी आम्ही वाचली. आमच्या सड्याला त्यातला एक खडूसुद्धा लागलेला नाही. 2022 मध्ये आठ महाराष्ट्रातली आणि एक गोव्यातली अशी कातळशिल्पांची नऊ ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यात आमच्या तालुक्यातलं बारसू आहे. पुढच्याच वर्षी त्याच बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षणाची यंत्रं आली आणि आमच्या बायका उन्हात कातळावर आडव्या पडल्या. एक हात वारसा म्हणून सही करतो, दुसरा हात ड्रिल लावतो. भूवारसा जपण्याच्या कायद्याचा मसुदा केंद्राने डिसेंबर 2022 मध्ये लोकांपुढे ठेवला, तो मसुदाच राहिला. मुंबई-गोवा महामार्गाचं काम 2011 पासून बघतोय, आमची लहान मुलं त्या खड्ड्यांतून जाता जाता मोठी झाली. रस्ता जिथे हवा तिथे पुरा होत नाही आणि जिथे नको तिथे एका आठवड्यात रोलर फिरतो. कारण कामाचं मोजमाप मुरूम-वाळू मोजायच्या ब्रासमध्ये होतं. मुरूम ब्रासमध्ये मोजता येतो, त्याचं बिल निघतं. तळी तशीच राहू दिली तर बिल कसलं काढणार?

आम्ही पर्यटनाच्या विरुद्ध नाही, माझी चूलच त्यावर पेटते. गाड्या वाडीत थांबवा, वर अर्ध्या तासाची पायवाट आहे. एका वेळी पंधरा-वीस माणसं, सोबत गावातलं पोर, त्याला आधी नीट शिकवलेलं. तिकिटाचे पैसे ग्रामपंचायतीत. रत्नागिरी तालुक्यातल्या उक्षीला लोकांनी पुढाकार घेऊन हत्तीचं चित्र राखलं, तिथे जाऊन बघून या. आणि सातबाऱ्यावरचा तो शब्द बदला, त्यासाठी महसूलमंत्र्यांशी आपणच बोला, आम्हाला तिथवर कोण पोचू देणार?

खांब उपटू नका. घाईने उपटलात तर शेपटीही जाईल. पुरातत्त्वातला जाणकार माणूस पाठवा, तो ठरवेल कसा काढायचा ते.

तळीतला मुरूम मात्र थांबणार नाही. आज 22 मे आहे, मृग 7-8 जूनला लागतो. त्याच्या आत तो उपसायला हवा, नाहीतर चार महिने हे लाल पाणी आमच्या विहिरीत येत राहील. मशीन चालणार नाही, कातळ आणखी फुटेल. घमेली-फावड्यांनी काढावा लागेल. आमच्या वाडीतली बावीस माणसं तयार आहेत, मजुरी मागत नाही. पण सरकारी कामाला हात लावला तर गुन्हा दाखल होईल असं आम्हाला सांगितलंय. तेवढी लेखी परवानगी पंधरा दिवसांत पाठवा.

आपली,
सड्याखालच्या वाडीतली एक घरमालकीण,
तालुका राजापूर, जिल्हा रत्नागिरी