हेमरबाईंनाही पुरवणीत जागा द्या

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावरचा लेख वाचला. लेख चांगलाच आहे. फक्त तो १९६३ च्या वॉशिंग्टनमधल्या भाषणावरून उडी मारून थेट १९६५ च्या मताधिकार कायद्यावर येतो. मधल्या काळात खेड्यापाड्यांत मतदार म्हणून नाव नोंदवण्यापायी ज्यांनी मार खाल्ला, ज्यांची घरं सुटली, त्यांच्यापैकी एकाचंही नाव त्यात नाही. निदान फॅनी लू हेमर यांचं तरी यायला हवं होतं.

जन्म १९१७ चा, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्यात एका बटईदाराच्या घरी, वीस भावंडांत शेंडेफळ. सहा वर्षांची असताना जमीनमालकाने तिला विचारलं, कापूस वेचशील का? आठवड्यात तीस पौंड वेचलास तर माझ्या दुकानातला खाऊ तुला. पोरीने वेचला, खाऊही मिळाला, आणि पुढच्या आठवड्यापासून वजन वाढवून मागितलं गेलं. आम्ही यवतमाळकडचे लोक, त्यामुळे साडेतेरा किलो कापसाला त्या वयाच्या बोटांचं काय होतं हे मला कुणी समजावून सांगायला नको. शाळा अर्थातच लवकर सुटली. लिहिता-वाचता येत असल्याने पुढे त्याच भागातल्या एका मळ्यावर मजुरांच्या हजेरीचं काम मात्र त्यांच्याकडे आलं.

कृष्णवर्णीयांनाही मतदार म्हणून नाव नोंदवता येतं, हे त्यांना १९६२ साली एका सभेत पहिल्यांदा कळलं. तेव्हा त्या ४४ वर्षांच्या होत्या. ३१ ऑगस्टला सतरा जणांसोबत बसने त्या इंडियनोला या तालुकावजा गावी गेल्या. तिथल्या कारकुनाने राज्यघटनेतलं एक कलम पुढे टाकलं आणि म्हणाला, याचा अर्थ लिहा. कलम होतं, बाईंच्या आठवणीप्रमाणे, ‘डी फॅक्टो’ म्हणजे कागदावर नसून प्रत्यक्षात चालणाऱ्या कायद्यांबद्दलचं. घोड्याला नाताळ जेवढा कळतो तेवढंच मला ते कळलं, असं बाई पुढे सांगत. नाव नोंदवण्यासाठीच्या या परीक्षेत सगळे नापास. परतताना पोलिसांनी बस अडवली आणि चालकावर गुन्हा ठेवला, कारण काय, तर बसचा रंग चुकीचा, फारच पिवळा. लोकांनी खिशातली नाणी गोळा करून दंड भरला.

मी तीस-एक वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं आणि मतदार यादीचं काम आम्हा शिक्षकांच्या मानगुटीवर असतं तसं माझ्याही होतं. नमुना ६ भरून घेताना मी वयाचा पुरावा मागितला, पत्त्याचा मागितला. अंगठा उमटवणाऱ्या आजीबाईंना घटनेतलं कलम उलगडून दाखवा, असं म्हणायची सोय मला नव्हती. ती नव्हती याचं कारण सायमन आयोगापुढे प्रौढ मताधिकार मागताना डॉ. आंबेडकरांनी साक्षरतेची अट मुळातच नाकारली होती. आपल्याकडच्या निरक्षर बाया १९५२ साली मत देऊन मोकळ्या झाल्या होत्या. त्यानंतर दहा वर्षांनी, जगाला लोकशाही शिकवणाऱ्या देशात, हेमरबाई त्या टेबलासमोर नापास होत होत्या.

घरी पोचतात तोच मालक दारात. अर्ज मागे घे, नाहीतर मळा सोड. बाईंचं उत्तर सरळ होतं: मी नाव नोंदवायला गेले ते तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी. अठरा वर्षांचं घर त्याच रात्री सुटलं. नवऱ्याला मात्र पीक निघेपर्यंत मालकाने ठेवून घेतलं. दहा दिवसांनी त्या आसऱ्याला होत्या त्या घरावर सोळा गोळ्या झाडल्या गेल्या. पुढच्या जानेवारीत त्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्या, तरी मत देता येईना, कारण आता मतपट्टीच्या, म्हणजे मत देण्यासाठी भरायच्या कराच्या, दोन वर्षांच्या पावत्या हव्या होत्या!

जून १९६३ मध्ये विनोना गावच्या तुरुंगात त्यांना झालेली मारहाण मी इथे सविस्तर लिहीत नाही. मूत्रपिंड आणि एक डोळा यांना झालेली इजा जन्मभर राहिली आणि मारणारे निर्दोष सुटले, एवढं पुरे. वर्षभराने, २२ ऑगस्ट १९६४ रोजी, अटलांटिक सिटीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात, मिसिसिपीच्या फक्त गोऱ्यांच्या शिष्टमंडळाऐवजी आमच्या शिष्टमंडळाला बसू द्या अशी मागणी करताना, पक्षाच्या समितीपुढे त्यांनी ते सगळं साध्या शब्दांत सांगितलं. साक्ष चालू असताना राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी घाईघाईने पत्रकारांना बोलावून कॅमेरे आपल्याकडे वळवले. फायदा झाला नाही, वाहिन्यांनी साक्ष रात्री दाखवली आणि ती जास्त लोकांनी पाहिली. पक्षाने त्यांच्या अख्ख्या शिष्टमंडळाला दोन जागा देऊ केल्या. घ्या म्हणणारे वडीलधारे नेते कमी नव्हते. दोन जागांसाठी आम्ही एवढ्या लांब आलो नाही, असं म्हणून बाईंनी त्या नाकारल्या. मिसिसिपीत तेव्हा मतदानास पात्र कृष्णवर्णीयांपैकी जेमतेम सात टक्क्यांची नावं यादीत होती. १९६५ चा कायदा आल्यावर दोन-तीन वर्षांत ती निम्म्याहून अधिक झाली.

माझ्या मते त्यांचं सगळ्यात शहाणपणाचं काम यानंतरचं आहे, आणि त्याचीच चर्चा सगळ्यात कमी होते. मत दिलं की मालक कामावरून काढतो आणि चूल बंद पडते, हे त्यांनी अंगावर झेललं होतं. म्हणून साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी मिसिसिपीतल्याच सनफ्लॉवर काउंटीत सहकारी शेती सुरू केली आणि जोडीला डुकरांची बँक. गरजू कुटुंबाला गाभण मादी द्यायची, तिच्या पिलांपैकी दोन माद्या त्यांनी बँकेला परत करायच्या, त्या पुढच्या घरी जायच्या. आपल्या अकोला जिल्ह्यातल्या शेळी बँकेच्या बातम्या ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना हे गणित लगेच समजेल. हिवाळ्यासाठी भाजी भरलेल्या बरण्या घरात असल्या की तुम्हाला कुणी दटावू शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. शेती पुढे लहरी हवामान आणि कर्जात बुडाली. बाई १४ मार्च १९७७ रोजी कर्करोगाने गेल्या, वय फक्त ५९.

अटलांटिक सिटीतली ती साक्ष दहा मिनिटांचीही नाही आणि तिचं ध्वनिमुद्रण आज सहज ऐकायला मिळतं. पुरवणीत तिचा मराठी अनुवाद पूर्ण छापावा, ही विनंती. नववी-दहावीच्या नागरिकशास्त्राच्या शिक्षकांना त्याचा वर्गात उपयोग होईल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, यवतमाळ