कुडाळच्या छापखान्यातल्या काकांना

काका,
सा. न. वि. वि.

चतुर्थी आली की वाडीवाडीतून आरत्यांच्या पुस्तकाची मागणी येते. मालवण-कुडाळकडे ही पुस्तकं झीलाटेक या अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅममध्ये जुळवणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून हे आभार. तुम्ही फोनवर जे सांगितलंत ते इथे जरा सविस्तर लिहितोय, म्हणजे पुढच्याला तुम्हाला जेवणाच्या वेळी उठवावं लागणार नाही.

मोठं काम झालं ते पानाच्या मापाचं. फाइलच्या सुरुवातीच्या डॉक्युमेंटक्लास या ओळीत 'ए५पेपर' लिहिल्यावर मजकुराची चौकट बदलते. पण पीडीएफचा कागद केवढा, हे शेवटी ठरवतो तो ड्रायव्हर, म्हणजे जुळवलेल्या मजकुराची पीडीएफ बनवणारा प्रोग्रॅम, एक्स-डीव्हीआय-पीडीएफ-एमएक्स. त्याला कुणी माप कळवलंच नाही तर तो आपल्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमधलं घेतो. मग १४८ बाय २१० मिमीचं पान ए४ कागदाच्या वरच्या डाव्या कोपऱ्याला जाऊन बसतं, आणि बघणाऱ्याला वाटतं समासच चुकलेत. पानाचं माप नि समास ठरवणारं जॉमेट्री पॅकेज तेच माप ड्रायव्हरलाही पोचवतं, तेव्हा ते लावा, समास हाताने ढकलत बसू नका, हे तुमचं सांगणं. खात्री करायला पीडीएफची माहिती दाखवणारं पीडीएफइन्फो चालवायचं: पेज साइजपुढे साधारण ४२० बाय ५९५ पॉइंट दिसले की ए५ झालं.

कॉन्फिगमधलंच माप बदलायचं असेल तर टेक्स लाइव्हच्या व्यवस्थापकाची 'टीएलएमजीआर पेपर ए४' ही आज्ञा. एवढं करूनही फरक पडत नसेल तर होम फोल्डरमधल्या टेक्सएमएफ फोल्डरमध्ये ड्रायव्हरची जुनी सीएफजी (कॉन्फिग) फाइल पडलेली असते. ती यंत्रणेच्या फाइलआधी सापडते, त्यामुळे नवी आज्ञा लागूच होत नाही. ही गोष्ट आपणहून कुणाच्या ध्यानात येणं कठीण.

फोटोंचं कोडं त्या मानाने सोपं. हातोहात फिरणाऱ्या जुन्या साच्यांत चित्रं घालणाऱ्या ग्राफिक्सएक्स पॅकेजला 'डीव्हीआयपीएस' (पोस्टस्क्रिप्ट बनवणारा दुसरा ड्रायव्हर) हा पर्याय दिलेला असतो. झीलाटेकवर तो ठेवला की जेपीजी फोटोला 'बाउंडिंगबॉक्स (चित्राच्या चौकटीचं माप) नाही' अशी तक्रार येते, कारण ती वाट पोस्टस्क्रिप्टच्या चित्रांची. पर्याय काढून टाकायचा. कुठलं इंजिन चाललंय ते बघून ग्राफिक्स आपला ड्रायव्हर निवडतं. साधं लाटेक चालवून डीव्हीआय या मधल्या फाइलवरून पीडीएफ करणाऱ्यांनी मात्र 'डीव्हीआयपीडीएफएमएक्स' असं डॉक्युमेंटक्लासलाच सांगावं, म्हणजे रंग, चित्रं नि दुवे घालणारं हायपररेफ या तिघांनाही एकदम कळतं.

जुन्या प्लेटसेटरवर (छपाईची प्लेट बनवणाऱ्या यंत्रावर) फाइल अडली तेव्हा तुम्ही पीडीएफची आवृत्ती उतरवायला लावलीत. १.५ पासून पीडीएफमध्ये ऑब्जेक्ट स्ट्रीम (आतले भाग एकत्र दाबून ठेवायची पद्धत) आले, ते जुन्या रिपला, म्हणजे पीडीएफचे छपाईचे ठिपके करणाऱ्या भागाला, वाचता येत नाहीत. झीलाटेकच्या 'आउटपुट-ड्रायव्हर' पर्यायात ड्रायव्हरचं नाव आणि 'व्ही ४' (म्हणजे आवृत्ती १.४) हे दोन्ही मिळून एकाच अवतरणात लिहायचं. अवतरण सुटलं तर 'व्ही ४' ड्रायव्हरपर्यंत न जाता झीलाटेकच्याच अंगावर येतं.

मांडणीबद्दलही तुमचंच खरं. मूळ फाइल ए५ राहू द्यायची आणि आडव्या ए४ वर जोडपानं पीडीएफपेजेस पॅकेजने वेगळी बांधायची. १६ पानांना ४ कागद लागतात, पहिल्यावर १६ आणि १ शेजारी. दुतर्फा छापताना कागद आखूड बाजूने उलटायचा, नाहीतर मागची आरती उलटी येते. प्रिंटरच्या खिडकीत 'फिट टू पेज' काढून 'ॲक्चुअल साइज' ठेवायचं. आणि भाद्रपदातल्या दमट हवेत कागदाचं रीम आदल्या रात्री फोडून ठेवायचं नाही, हे ड्रायव्हरच्या कुठल्याच पुस्तकात मिळायचं नाही.

प्रती चतुर्थीआधी पोचवतो. पैशांचा विषय तुम्ही दर वेळी हसून टाळता. या खेपेला ते चालणार नाही.

आपले,
वाडीतले आरतीपुस्तकवाले