पावसाला जाब विचारता येत नाही

मा. मराठी भाषा मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

महोदय,

चौकशी अहवाल, पंचनामे आणि प्रसिद्धिपत्रके यांतल्या 'जबाबदार' या एका शब्दासाठी हे पत्र आहे. तीन वेगवेगळ्या अर्थांचे ओझे सध्या त्याच्यावर आहे. त्यामुळे कधी खरा माणूस निसटतो, कधी भलताच अडकतो.

'जबाब' आणि 'जाब' मूळच्या एकाच अरबी शब्दातून आले, '-दार' फारसी. ज्याला जाब विचारता येतो तो जबाबदार. म्हणून 'पुराला अतिवृष्टी जबाबदार' हे चुकीचे. पावसाला जाब कोण विचारणार? तिथे 'कारणीभूत' हवे. बहुतेक वेळा नुसते '-मुळे' पुरते.

हा शब्दच्छल नाही. समजा, गटारातून गेलेल्या जलवाहिनीचा जोड गळतो आणि नळाला दूषित पाणी येते. अहवाल म्हणतो, 'पाणी दूषित होण्यास जुनी जलवाहिनी जबाबदार आहे.' व्याकरणाने वाक्य पूर्ण झाले, चौकशीही तिथेच संपली. खरे तर तीन प्रश्न होते. कशामुळे घडले? गळक्या जोडामुळे, हे कारण. देखभाल कोणत्या पदाकडे होती? ते पद जबाबदार. गळतीची तक्रार नोंदवहीत असूनही दुरुस्ती झाली नाही का? तसे असेल तर कसूर झाली. आणि ती नियमानुसार सिद्ध झाल्यावरच माणूस दोषी.

उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. 'प्राथमिक चौकशीत कर्मचारी जबाबदार' असे पत्रक निघते आणि दुसऱ्या दिवशी तो दोषी म्हणून छापला जातो. 'ठपका' तर आणखी जपून वापरायचा शब्द. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना लागू असलेल्या शिस्त व अपील नियम, १९७९ प्रमाणे ठपका ही किरकोळ शिक्षांपैकी एक आहे, आणि बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय ती देता येत नाही. चौकशी सुरू असताना 'ठपका ठेवला' लिहिणे म्हणजे शिक्षा आधीच जाहीर करणे.

आता सर्वांच्या परिचयाचे वाक्य घ्या : 'संबंधितांवर जबाबदारी निश्चित करण्यात येईल.' 'संबंधित' कोण, ते नाही. 'करण्यात येईल', पण कोणाकडून? कर्ता नाही, मुदत नाही. आपले कायदे इतके मोघम नाहीत. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मध्ये पदनिर्देशित अधिकारी, म्हणजे ती सेवा ज्याने द्यायची तो अधिकारी, ठरलेला असतो; सेवा देण्यात कसूर केल्यास दंडही ५०० ते ५,००० रुपये असा सांगितला आहे. विलंब प्रतिबंधाच्या २००५ च्या अधिनियमात फाइल एका टेबलावर सर्वसाधारणपणे कामाच्या ७ दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असे स्पष्ट आहे.

भाषा संचालनालयाने यावर एक पानी सूचना काढावी, ही विनंती. निर्जीव गोष्टींना 'जबाबदार' लिहू नये. माणसाबद्दल लिहिताना पदनाम व नेमके न केलेले काम नोंदवावे. 'दोषी' आणि 'ठपका' हे शब्द अंतिम आदेशानंतरच वापरावेत. 'करण्यात येईल' ऐवजी 'कार्यकारी अभियंता १५ दिवसांत अहवाल देतील' असे लिहावे. चांगल्या निकालाला 'जबाबदार' लावू नये. तिथे 'श्रेय' आहे.

चौकशी अहवालाच्या नमुन्यातही एक बदल हवा : 'जबाबदार कोण' या एका रकान्याऐवजी कारण, जबाबदार पद आणि कसूर असे तीन रकाने.

आपले,
राज्यव्यवहाराच्या मराठीत काम करणारे भाषांतरकार व संपादक