पोहायला शिकवायला ये, पण दाखला घेऊन ये

हर्णै, ता. दापोली
२० जानेवारी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा बोलता बोलता तू "बरं, बघू" म्हणून फोन ठेवलास, तेव्हाच मला कळलं की तुला लागलंय. "ज्या गावात माझ्या आजोबांनी देवळाच्या पायऱ्या बांधल्या, तिथे पोरांना पोहायला शिकवायला मी पोलिसांचा दाखला आणू?" हे तुझे शब्द. ते मनातून जाईनात, आणि हा विषय फोनवर घाईत बोलण्याचा नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. शेवटपर्यंत वाच आणि मगच काय ते ठरव.

मे महिन्यातल्या पोहण्याच्या शिबिराची कल्पना तुझी, आणि ती लाखमोलाची आहे. पाजपंढरीची कोळ्यांची पोरं चालायला लागायच्या आधी पाण्यात जातात, त्यांची काळजी नाही. पण वरच्या वाड्यांतली आपली पोरं समुद्र रोज बघतात आणि गळ्याएवढ्या पाण्यात गेली की घाबरतात. त्यात मे महिन्यात मुंबई-पुण्याहून नातवंडं येतात, त्यांना भरती-ओहोटीचंही भान नसतं. आपण देवळाच्या तळीत पाठीला सुके नारळ बांधून शिकलो. आता तसं शिकवणारं कुणी उरलेलं नाही. तुझ्यासारखा खाडी पोहून पार करणारा माणूस स्वतःची रजा टाकून यायला तयार आहे, तर तू यायलाच हवास. हे आधी नीट कानावर घे, कारण पुढचं सगळं तुला अडवण्यासाठी लिहिलेलं नाही.

आता दाखल्याचं. पॉक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून मुलांना संरक्षण देणारा कायदा, २०१२ चा. त्याचे २०२० मध्ये जे नियम आले, त्यांत स्पष्ट लिहिलंय की शाळा, पाळणाघर, क्रीडा अकादमी किंवा मुलांशी नेहमी संबंध येणारी कुठलीही संस्था असो, तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाची पोलिसांकडून पडताळणी झाली पाहिजे, आणि तीही ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा. नियमातले शब्द कर्मचाऱ्यांबद्दल आहेत, मग ते कायम असोत की कंत्राटी. सेवाभावाने येणाऱ्याचा तिथे वेगळा उल्लेख नाही, आणि शिबिर भरवणाऱ्या आमच्या मंडळाच्या बैठकीत याच मुद्द्यावर वाद झाला. "फुकट काम करणाऱ्याला दाखला मागितला तर उद्या कोण येईल?" असं एकाने विचारलं. माझं म्हणणं असं की शिकवणारा पगार घेतो की नाही हे मुलाला कुठे कळतं? त्याला एवढंच कळतं की हा मोठा माणूस आहे, आईबापांनी आपल्याला याच्या हवाली केलंय, तेव्हा याचं ऐकायचं. शेवटी आमच्यातल्या सगळ्यांत वयस्क बाई, आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, म्हणाल्या, "माझा अर्ज पहिला भरा." त्यानंतर कुणी काही बोललं नाही. माझाही दाखला झालाय. तेव्हा तुला एकट्यालाच मागतोय असं मनात आणू नकोस.

तू डोंबिवलीत राहतोस, बदलापूर तुझ्याच लाईनवर. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथे लोक रुळांवर उतरले होते, गाड्या तासन् तास बंद होत्या, तेव्हा तू मला स्टेशनवरून फोन केला होतास. शाळेत लैंगिक अत्याचार झाला तो चार वर्षांच्या दोन मुलींवर, आणि आरोपी म्हणून पकडला गेला तो शाळेतलाच कंत्राटी सफाई कामगार. वेळेत कळवलं नाही म्हणून शाळेच्या जबाबदार मंडळींवरही गुन्हा दाखल झाला. त्याच आठवड्यात सरकारने शाळांसाठी शासन निर्णय काढला: कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, सीसीटीव्ही, तक्रारपेटी. तेव्हा तू संतापून म्हणाला होतास, "माणूस ठेवताना कुणी चौकशी कशी केली नाही?" तोच प्रश्न आज आम्ही आमच्या अंगणात विचारतोय.

"पण गावात सगळे सगळ्यांना ओळखतात," असं तू म्हणशील. माझी खरी धास्ती तिथेच आहे. काही झालं की आपल्याकडे पहिला संशय आंब्याच्या बागेतल्या नेपाळी राखणदारावर जातो, नाहीतर बोटीवरच्या परप्रांतीय खलाशावर. आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षामागून वर्षं एकच सांगतात: मुलांवरच्या बलात्काराच्या गुन्ह्यांत शंभरातले नव्वदहून जास्त आरोपी त्या मुलाच्या ओळखीतलेच असतात. घरचे, शेजारचे, शिकवणारे. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांतल्या मुलांशी बोलून अहवाल केला होता. त्यात निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या लैंगिक छळाबद्दल सांगितलं होतं. ओळख असते म्हणूनच मूल जवळ जातं, आणि ओळख असते म्हणूनच पुढे तोंड उघडत नाही.

तुला आठवतंय का, आपण सातवी-आठवीत असताना संध्याकाळी पोरांना व्यायाम शिकवायला एक जण असायचा. गावात मोठा मान. शिमग्याला पालखी नाचवताना पुढे. मोठी माणसं त्याचं नाव आदराने घ्यायची. आणि आपण पोरं एकमेकांना काय सांगायचो? "एकटा जाऊ नको. थांब म्हणाला तर पोटात दुखतंय सांग आणि पळ." हे आपल्याला मोठ्या पोरांनी सांगितलं होतं, त्यांना त्यांच्याहून मोठ्यांनी. माणसाची पारख करण्याचं काम गावाने बारा वर्षांच्या पोरांवर टाकलं होतं आणि गावाला त्याचा पत्ताही नव्हता. ज्याच्या कानावर ती कुजबुज गेली नाही, तो पोरगा एकटा जायचा. त्यातला एक पुढे शाळेतच यायचा थांबला. तू आणि मी त्याच्याबद्दल आजवर कधी नीट बोललेलो नाही. हे काम आता मोठ्यांनी आपल्या अंगावर घ्यावं, उघडपणे, सगळ्यांसाठी सारखं, एवढंच मला हवंय. त्यात तुझ्या घराण्याचा अपमान कुठे होतो ते मला खरंच दिसत नाही.

आता कामाचं बोलू. पोलीस पाटलाकडून वर्तणुकीचा दाखला आणतो असं तू म्हणालास. तो आण, पण तो पुरेसा नाही. पोलीस पाटील तुला गावचा म्हणून ओळखतो. तुझी गेली तीस वर्षं तिकडे गेली आहेत. म्हणून चारित्र्य पडताळणीचा अर्ज तू राहतोस तिथूनच करायचा. अर्ज ऑनलाइन भरतात. जमत नसेल तर जवळच्या महा ई-सेवा केंद्रात भरून देतील. ओळखीचा, पत्त्याचा आणि वयाचा पुरावा, फोटो आणि आमच्या मंडळाचं पत्र लागेल. मग तुझ्या हद्दीच्या पोलीस ठाण्यातून बोलावणं येईल, तेव्हा मूळ कागद घेऊन जायचं. ते त्यांच्या नोंदी तपासतात. आमचा दाखला रत्नागिरीच्या पोलीस अधीक्षक कार्यालयातून आला, तुझा ठाणे पोलीस आयुक्तालयातून येईल. पासपोर्ट कार्यालयातून मिळतो तो परदेशी जाणाऱ्यांसाठीचा वेगळा, त्याच्या मागे लागू नकोस. लैंगिक गुन्हेगारांची एक राष्ट्रीय नोंदही २०१८ पासून आहे, पण ती फक्त पोलीस यंत्रणेला बघता येते, तुला-मला नाही. त्यामुळे पोलिसांच्या दारात गेल्यावाचून गत्यंतर नाही. आणि अर्ज आत्ताच कर. मार्चमध्ये शिमगा, तेव्हा इथे कुणाला फुरसत नसते. मग परीक्षा, आणि बघता बघता मे उजाडेल.

तुझ्या मनात दुसरीही एक भीती आहे. तू बोलला नाहीस, पण मला ठाऊक आहे. युनियनच्या मोर्चात जमावबंदी मोडल्याची ती जुनी केस. ती निघाली तर गावात बोभाटा होईल असं तुला वाटत असणार. आम्ही असं ठरवलंय की दाखले फक्त दोघांनीच बघायचे, त्या बाईंनी आणि माझ्याखेरीज आणखी एकाने. मुद्दाम माझ्याखेरीज, कारण मी सगळ्यांचा मित्र पडतो. कागद कुलपात राहतील. बैठकीत फक्त "झालं" किंवा "झालं नाही" एवढंच सांगायचं. आणि मोर्चात रस्ता अडवला म्हणून कुणाला पोरांपासून दूर ठेवायचं कारण नाही. हर्णै बंदरातल्या निम्म्या कर्त्या माणसांनी कधी ना कधी मासेमारीच्या प्रश्नावर आंदोलन केलेलं आहे. बघायचं ते एवढंच: मुलांवरचा, बायकांवरचा किंवा मारहाणीचा गुन्हा आहे का. बाकी तू आधीच बाईंना फोन करून सांगून टाक, म्हणजे तुझ्याही डोक्यावरचा भार उतरेल.

आता तू विचारशील की एवढं करून कागदाने काय होणार? बरोबर आहे तुझं. त्या व्यायामवाल्यावर कधी तक्रारच झाली नाही, त्यामुळे आज त्याने अर्ज केला असता तर त्याचा दाखला स्वच्छ आला असता. पोलिसांच्या नोंदीत तेच असतं जे कुणीतरी जाऊन सांगितलेलं असतं. म्हणून आम्ही दाखल्यावर थांबलेलो नाही. पोहणं शिकवताना मुलाच्या पोटाखाली, पाठीखाली हात द्यावाच लागतो, हे तुला मी काय सांगू. तर हात कुठे आणि कशासाठी धरणार हे पहिल्याच दिवशी पोरांसमोर, आईबापांसमोर सांगायचं. "नको" म्हणालं की त्या क्षणी हात काढायचा. पाण्यात एक शिकवणारा आणि काठावर दुसरं मोठं माणूस, रोज, कुणी आजारी पडलं तर त्या दिवशी वर्ग बंद. मुलींच्या वर्गाला बाई हवीच. पाजपंढरीच्या एका पोरीने तयारी दाखवली आहे, तिचाही अर्ज भरलाय. कपडे बदलायला शिकवणाऱ्यांनी आत जायचं नाही. एकट्या मुलाला दुचाकीवर बसवून घरी सोडायचं नाही, पाऊस असो, अंधार असो. पोरांना परस्पर मेसेज करायचे नाहीत, काय ते पालकांच्या ग्रुपवर. ओल्या अंगाच्या पोरांचे फोटो काढायचे नाहीत, टाकायचे तर त्याहून नाहीत.

यातला दुचाकीचा नियम तुला जड जाईल. कुणाचं पोर रस्त्यात दिसलं तर तू उचलून घेऊन येणारा माणूस. पण तू पाळलास तरच दुसऱ्याला पाळायला सांगता येईल. उद्या एखादा म्हणाला, "चल, तुला सोडतो," तर पोराला चटकन कळलं पाहिजे की हे इथे चालत नाही. चांगल्या माणसांनी सवलत घेतली की पोराला दोघांतला फरक ओळखायचा कसा?

सर्वांत अवघड गोष्ट शेवटी ठेवलीय. समजा, एखाद्या मुलाने काही सांगितलं. आपल्याकडे लगेच गावकी बसते. "आपसात मिटवा, पोरीचं नाव बाहेर जाईल, दोन्ही घरं आपलीच आहेत." तुझ्या-माझ्या डोळ्यांदेखत अशा किती गोष्टी मिटवल्या गेल्या. पॉक्सोच्या १९ व्या कलमाप्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायलाच हवं, मग तो शिक्षक असो, शेजारी असो, की सुट्टीत आलेला तू. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि संस्था चालवणाऱ्याला वर्षभरापर्यंत. खरं-खोटं आपण ठरवायचं नाही, मुलाची उलटतपासणी घ्यायची नाही. ऐकायचं, "सांगितलंस ते बरं केलंस" म्हणायचं आणि कळवायचं. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, तातडीचं असेल तर ११२. आईबापांना ठाण्याची पायरी चढायची भीती वाटते, पण कायद्यात लिहिलंय की मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा ते म्हणेल तिथे घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, आणि मुलाचं नाव कुठे येऊ द्यायचं नाही. हे मी शिबिराआधी पालकांच्या सभेत सांगणार आहे. तू शेजारी बसलेला हवास. वाडीतली माणसं माझं ऐकतील की नाही कोण जाणे, तुझं नक्की ऐकतील. आणि मुंबईचा माणूस स्वतः दाखला घेऊन आलाय हे कळलं, की गावातल्या ज्या दोघा-तिघांनी अजून अर्ज भरलेला नाही, त्यांना सबब उरणार नाही. खरं सांगतो, त्यांच्यासाठीही मला तुझा कागद हवाय.

मंडळाचं पत्र सोबत जोडलंय, त्यावर शिक्का आणि सही आहे. त्याच्या दोन झेरॉक्स काढून ठेव. नावाचं स्पेलिंग आधारवर आहे तसंच अर्जात भर, आमच्यातल्या एकाचा अर्ज तेवढ्यावरून परत आला. शिमग्याला येशील तेव्हा ओहोटीच्या वेळी आपण दोघं जाऊन जागा नक्की करू. मला तळी बरी वाटते, तू खाडी म्हणतोस. पाणी बघून ठरवू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. अर्जाचा क्रमांक मिळाला की लगेच कळव.

तुझा,
बालमित्र